पाठीला डोळा नसलेले यंत्र

एखाद्या यंत्रात अमुक सोय नाही म्हणून गिऱ्हाईक तक्रार करते, हे आपल्या नित्य परिचयाचे आहे. परंतु असलेली सोय काढून टाका, ती काढून टाकलेले यंत्र आम्हांस द्या, आणि त्यासाठी वर चार पैसे अधिक घ्या, अशी अर्जी घेऊन काही माणसे दहा-बारा वर्षे कारखानदारांच्या दारात तिष्ठत राहिली, ही हकीकत यंत्रांच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. ही माणसे छायाचित्रकार होती, यंत्र होते डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा, आणि जी सोय त्यांच्या डोळ्यांत सलत होती ती म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीवरचा तो उजळ पडदा, ज्यावर घेतलेले चित्र घेतल्याबरोबर उमटते. लहान मुलालाही कॅमेरा म्हणजे प्रथम तो पडदाच वाटावा अशा काळात, पाठ कोरी असलेल्या कॅमेऱ्याची वाट पाहणे हा लहरी श्रीमंतांचा हट्ट वाटला तर नवल नाही; आणि तो काही अंशी तसा होताही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. पण त्या हट्टाच्या पोटात एक विचार होता, आणि तो समजण्यासाठी हा रेंजफाइंडर काय प्रकार आहे ते आधी पाहिले पाहिजे.

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. त्याचे तत्त्व ध्यानात येण्यास कॅमेरा हाती असण्याची गरज नाही. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरावा, आणि एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटून पाहावे. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसतो. तोच हात लांब केला तर उडी आखूड होते. दोन डोळ्यांमधले अंतर ठरलेले असल्यामुळे ह्या उडीवरून वस्तूचे अंतर काढता येते, आणि मोजणी खात्यातील माणसे ज्या त्रिकोणांच्या हिशेबाने नदी न ओलांडता पैलतीरावरच्या झाडाचे अंतर सांगतात, तोच हिशेब येथेही चालतो. ग्लासगोच्या बार आणि स्ट्राउड ह्या दुकलीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरमारासाठी जे अंतरमापक बनविले ते ह्याच तत्त्वावर : एक लांब नळी, तिच्या दोन्ही टोकांस एकेक खिडकी, आणि दोन्हींतून आलेल्या प्रतिमा मध्ये एका डोळ्यापाशी आणून जुळवावयाच्या. नळी जितकी लांब, तितका अंदाज नेमका. कॅमेऱ्यात ही नळी बोटभर लांबीची होते. लायका कंपनीच्या एम ३ ह्या नामांकित नमुन्यात दोन खिडक्यांमधले अंतर सुमारे सात सेंटिमीटर आहे. भिंगाची कडी फिरवली की भिंगामागच्या उतरत्या कडेवरून एक चिमुकले चाक सरकते, ते आतल्या प्रकाशाच्या वाटेला किंचित कलते करते, आणि पाहण्याच्या खिडकीच्या मध्यावर जो एक फिकट चौकोन असतो त्यातील दुसरी प्रतिमा हळूहळू सरकत पहिलीवर येऊन बसते. समोरच्या माणसाच्या दोन नाकांचे एक नाक झाले की फोकस झाला. ह्यात वीज लागत नाही, आणि डोळा सरावला की वेळही फारसा लागत नाही.

अशी जोडणी असलेला कॅमेरा कोडॅकने १९१६ सालीच विकला होता. पण ती खरी रुजली ती जर्मनीत. वेट्झलार गावच्या लाइट्झ ह्यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यातील ऑस्कर बारनाक ह्या कारागिराने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला, १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत तो लायका ह्या नावाने बाजारात आला, आणि १९३२ साली त्यात अंतरमापक कायमचा बसविण्यात आला. त्याच साली झाइस इकॉन कंपनीनेही कॉन्टॅक्स हा आपला प्रतिस्पर्धी पुढे केला. लायकात तोवर अंतर जुळविण्याची खिडकी वेगळी आणि चौकट पाहण्याची वेगळी होती, म्हणजे एकीतून मोजावे, मग डोळा सरकवून दुसरीतून पाहावे, अशी दुहेरी हजेरी द्यावी लागे. १९५४ च्या एम ३ ने ह्या दोन खिडक्या एक केल्या. त्या खिडकीचा कारागिरांनी जो बंदोबस्त केला, तो आज सत्तर वर्षांनंतरही फारसा बदललेला नाही.

ह्या खिडकीचा स्वभाव मात्र नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात, ज्याला एसएलआर म्हणतात, भिंगातून आलेली प्रतिमाच आरशावरून परतून डोळ्यापर्यंत पोहोचते. म्हणून तेथे जवळच्या माणसावर फोकस केला की त्याच्या मागचे घर धूसर होते, आणि चित्र कसे येईल ह्याची थोडीबहुत चुणूक आधीच मिळते. रेंजफाइंडरची खिडकी भिंगाला काही विचारीतच नाही. तिच्यातून दिसते ते चित्र नव्हे, समोरचे जग. जवळचे, दूरचे, सारे सारखेच स्वच्छ. त्या जगावर उजळ रेषांची एक चौकट तरंगत असते, आणि ती एवढेच सांगते की इतका भाग आत जाईल. चौकटीबाहेरचेही दिसत राहते, त्यामुळे कोपऱ्यावरून वळणारा सायकलस्वार चौकटीत शिरण्याच्या बेतात आहे हे तो शिरण्यापूर्वी कळते. आणखी एक गंमत अशी, की एसएलआरमध्ये शटर उघडते त्या क्षणी आरसा वर उचलला जाऊन डोळ्यासमोर काळोख होतो, म्हणजे जो क्षण टिपला नेमका तोच टिपणाऱ्याने पाहिलेला नसतो. येथे तसे होत नाही. क्षण पाहिलेला असतो, चित्र मात्र पाहिलेले नसते. ते कसे उतरेल, मागचे घर किती विरघळेल, उन्हातला चेहरा किती जळेल, हे सारे मनाशी ठरवून मोकळे व्हावयाचे असते. बिनपडद्याच्या कॅमेऱ्यासाठी अडून बसलेल्यांचे म्हणणे, त्यातला भाविकपणा गाळून पाहिले तर, एवढेच उरते : पाहणे आणि पारखणे ही दोन वेगळी कामे आहेत, रेंजफाइंडरने ती प्रथमपासूनच वेगळी ठेवली, आणि पाठीवरच्या पडद्याने ती एकाच घटकेत एकमेकांच्या पायांत आणली.

आंरी कार्तिए-ब्रेसों ह्या फ्रेंच छायाचित्रकाराचे नाव ह्या संदर्भात सर्वांच्या तोंडी असते, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आला तो अशा दिवशी की त्याची आठवण येथे टाळता येत नाही. १९४८ च्या जानेवारीत तो दिल्लीत होता. ३० तारखेस त्याने गांधीजींची भेट घेतली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्या हत्येची वार्ता आली. त्या संध्याकाळी बिर्ला भवनाच्या फाटकावरून नेहरू जमलेल्या लोकांना ती वार्ता सांगत आहेत, हे त्याचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल; उजेड असा नाहीच, आकृती थोड्या हललेल्या, आणि दिव्याचा एक कठोर झोत. हे चित्र उतरले की नाही हे त्याला त्या फाटकापाशी कळण्याचा मार्ग नव्हता. आशियातील त्या तीन वर्षांच्या भ्रमंतीत त्याचे रोल मॅग्नम ह्या संस्थेच्या कचेरीकडे रवाना होत, धुणारे तिकडे धूत, आणि आपण काय टिपले ते पाहण्याचा योग त्याला कित्येकदा महिनोन्महिने येत नसे. ह्याला कोणी तपश्चर्या म्हणेल. मला ती त्या काळची टपालव्यवस्था वाटते. तिच्यातून हाताला एक वळण पडले, इतकेच.

तपश्चर्येची दुसरी बाजू आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. सांगलीस आमच्या धाकट्या काकांचे लग्न होते, आणि वडिलांचा जपानी रेंजफाइंडर प्रथमच माझ्या हाती सोपविण्यात आला होता. छत्तीसचा रोल, काटकसरीने भरला तर त्यातून सदतीस, कधी अडतीसही निघत, आणि तसे काढणाऱ्याचा घरात मान असे. मी सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत सारे टिपले. छत्तीस झाले, अडतीस झाले, चाळीसावा आकडाही उलटला, तरी फिल्म ओढण्याची दांडी आपली सुखाने सरकतेच आहे, तेव्हा माझ्या कपाळावर घाम आला. फिल्मची जीभ आतल्या दातेरी चाकात अडकलीच नव्हती. दांडी ओढताना डाव्या अंगाची गुंडाळण्याची चकती फिरते की नाही, हे पाहण्याची साधी युक्ती मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. रोल धुवायला टाकून चार दिवसांनी स्टुडिओवाल्याने ती काचेसारखी पारदर्शक पट्टी माझ्यासमोर धरली, आणि 'लग्न कुणाचं होतं?' एवढेच विचारले. काका आजही सुखाने संसार करीत आहेत, पण त्यांच्या लग्नाचा पुरावा म्हणून घरात एक निमंत्रणपत्रिकाच काय ती आहे. तेव्हा पडद्याला नावे ठेवताना, तो का आला आणि लोकांनी त्याचे स्वागत का केले, ह्याविषयी मी मनात किल्मिष ठेवीत नाही.

तो आला केव्हा, हेही पाहण्याजोगे आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा मूळपुरुष १९७५ साली कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने जोडला. साडेतीन किलोहून अधिक वजनाचा, चित्रात आडवे शंभर आणि उभे शंभर असे अवघे दहा हजार ठिपके, आणि एक चित्र साध्या कॅसेटच्या फितीवर उतरून घेण्यास २३ सेकंद. त्या कॅसेटवर किती चित्रे ठेवावीत हे सॅसनला स्वतःच ठरवावयाचे होते, आणि त्याने तीस हा आकडा नेमला, तो चोविसाच्या व छत्तिसाच्या रोलच्या अधेमध्ये बसतो म्हणून. नवे यंत्र जुन्याच्या मापाचा अंगरखा शिवून घेते ते असे. ह्या मूळपुरुषाच्या पाठीवर पडदा नव्हता. चित्र पाहण्यासाठी कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालावी लागे, आणि मग ते टेलिव्हिजनवर दिसे. सर्वसामान्यांच्या हाती पाठीवर पडदा असलेला कॅमेरा दिला तो कॅसिओने १९९५ साली, क्यूव्ही-१० ह्या नावाने. त्याचे चित्र सुमार होते. पण टिपले आणि लगेच सोबत्यांना दाखविले, ह्या सुखासमोर कोणी चित्राच्या प्रतीची पर्वा केली नाही. त्यानंतर पडदा नसलेला डिजिटल कॅमेरा विकणे म्हणजे खिडक्या नसलेले घर विकण्यासारखे झाले.

रेंजफाइंडरवाल्यांना ह्या पंक्तीत पान उशिरा मिळाले, आणि त्याचे कारण भिंगाच्या भूमितीत आहे. आरसा नसल्यामुळे ह्या कॅमेऱ्यात भिंग फिल्मच्या अगदी निकट बसते. लायकाच्या एम मालिकेत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर, जेथे आरशाच्या कॅमेऱ्यांत ते बहुधा चाळीसच्या पुढे असते. इतक्या जवळून निघालेले किरण चित्राच्या कोपऱ्यांवर तिरकस पडतात. फिल्मला त्याचे सोयरसुतक नसते, परंतु डिजिटल संवेदकावरचे प्रकाशग्राही बिंदू म्हणजे जणू अरुंद आड; तिरपे आलेले ऊन त्यांच्या तळाशी पोहोचत नाही, आणि कोपरे काळवंडतात. २००४ साली एप्सनने, म्हणजे छपाईयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानी कंपनीने, कोसिना कारखान्याच्या सांगाड्यावर आर-डी१ हा जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर उभा केला, तेव्हा संवेदक लहान ठेवून ही अडचण बाजूला सारली. ह्या यंत्रावर माझा जीव आहे. माथ्यावर घड्याळासारखी तबकडी असून उरलेली चित्रे, विजेचा साठा इत्यादी सारे काटे फिरवून दाखविले जाई. शटर ताणण्यासाठी फिल्मच्या कॅमेऱ्यासारखी दांडी होती आणि ती खरोखरच शटर ताणीत असे. आणि पाठीवरचा पडदा बिजागरीवर फिरवून, तोंड आत करून मिटून टाकता येई. मिटला म्हणजे पाठ कोरी. कोऱ्या पाठीच्या कॅमेऱ्याची आस खऱ्या अर्थाने तेथून धरली गेली असावी, असे मला वाटते. कारण एकदा पडदा मिटता येतो म्हटल्यावर, तो मुळातच का असावा, हा प्रश्न कोणाच्या तरी मनात येणारच.

लायकाने २००६ साली एम ८ आणला. संवेदकावरील सूक्ष्म भिंगे कोपऱ्यांकडे किंचित सरकवून तिरप्या किरणांची सोय लावण्यात आली, आणि संवेदकावरची काच पातळ ठेवण्यात आली. मात्र पातळ काचेतून अवरक्त किरण आत शिरले आणि कृत्रिम धाग्याचे काळे कापड चित्रात वांगी रंगाचे दिसू लागले, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकास दोन फिल्टर फुकट देऊन कंपनीला पदरमोड करावी लागली. २००९ च्या एम ९ मध्ये संवेदक फिल्मच्या पूर्ण मापाचा झाला. पुढच्या नमुन्यात पडदा मोठा झाला, त्यात भिंगातून दिसणारे दृश्य जिवंत दिसू लागले, चलच्चित्रेही घेता येऊ लागली. आणि इतरांनी ज्याला प्रगती म्हटले त्याने ह्या मंडळींचा धीर सुटला. कोणी पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली, कोणी पाठ पूर्ण झाकणारी चामड्याची खोळ शिवून घेतली. टिपल्यावर लगेच मान खाली घालून पडद्यात डोकावण्याच्या सवयीला इंग्रजी बोलणाऱ्या छायाचित्रकारांनी चिंपांझीवरून चिंपिंग असे नाव ठेवले आहे, आणि ती सवय स्वतःला लागलेली आहे हे ओळखणारे लोकच ती सोडवण्यासाठी यंत्राकडे मदत मागत होते. दारू सुटावी म्हणून वाटेवरचे दुकान बंद करा, अशी मागणी करणाऱ्या गृहस्थाची आठवण होते खरी. तरीही मागणी खोटी नव्हती.

सप्टेंबर २०१४ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात ती मान्य झाली, पण अशा रीतीने की मागणाऱ्यांनी कपाळाला हात लावावा. एम ३ ला साठ वर्षे झाली म्हणून लायकाने एम एडिशन ६० नावाचा कॅमेरा काढला : अंग पोलादाचे, रेखाटन आउडी ह्या मोटार कंपनीच्या कलाविभागाचे, पाठीवर पडद्याच्या जागी फक्त संवेदनक्षमता ठरविण्याची एक गोल चकती. पाठ प्रथमच खरी कोरी झाली. परंतु एकूण संच अवघे ६००, किंमत मोटारीएवढी, आणि गळ्यात अडकविण्यासाठी पट्टा लावावा तर त्याच्या कड्याही नाहीत. ज्या कॅमेऱ्याला कडी नाही तो रस्त्यावर जाण्यासाठी जन्मलेला नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. बहुतेक संच काचेच्या कपाटांत विसावले असावेत. म्हणून वाट पाहण्याची मुदत आणखी दीड वर्ष वाढली, आणि एप्रिल २०१६ मध्ये एम-डी आला तेव्हा तो समारंभाविना आला : काळे अंग, २४ दशलक्ष बिंदूंचा संवेदक, २०० ते ६४०० पर्यंत आकडे असलेली तीच पाठीवरची चकती, आणि चित्र साठविण्याची एकच तऱ्हा, कच्च्या फाइलची. विजेचा साठा किती आणि जागा किती उरली हे पाहायचे तर एक बटण दाबून खिडकीतच आकडे वाचावयाचे. ह्याच पिढीतील पडदा असलेल्या साध्या भावंडाहून त्याची किंमत अधिक, म्हणजे अमेरिकेत सहा हजार डॉलरच्या घरात होती, ह्यावरून पुष्कळ थट्टा झाली. कमी माल तयार करण्यास वेगळा साचा लागतो आणि वेगळ्या साच्याचा खर्च थोड्या गिऱ्हाइकांवर वाटला जातो, हा त्यामागचा व्यापारी हिशेब. पण वैराग्याची किंमत वैभवाहून जास्त असावी, ह्यातला विनोद त्या हिशेबाने कमी होत नाही.

त्यानंतरची वंशावळ भराभर सांगून टाकतो. २०१८ च्या एम१०-डी मध्ये फिल्म ओढण्याच्या दांडीसारखी एक दांडी बसविली होती. तिने काहीच ओढले जात नसे, अंगठा टेकवावयाचा एवढेच, आणि एप्सनच्या प्रामाणिक दांडीपुढे ती मला नाटकातल्या लाकडी तलवारीसारखी वाटते. शिवाय त्यातील चित्रे बिनतारी मार्गाने मोबाइलवर पाहता येत, म्हणजे पाठीवरचा पडदा काढून खिशात ठेवला, असेच झाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये, घड्याळांच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या बेझांसों शहरी, पिक्सी नावाचा कॅमेरा जाहीर झाला. पाठ कोरी, कार्ड घालण्याची खाचही नाही, साठा आतल्या आत. फुजीफिल्मने २०१९ च्या एक्स-प्रो३ मध्ये पडदा आतल्या बाजूस मिटलेला ठेवला आणि बाहेर टपालतिकिटाएवढा एक चौकोन दिला, ज्यावर जुन्या फिल्मच्या खोक्याचे लेबल दिसावे अशी व्यवस्था होती. २०२४ च्या एम११-डी ने बिंदूंची संख्या सहा कोटींवर नेली.

फिल्मच्या दिवसांशी ह्या यंत्रांचे नाते सांगताना एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात, आणि ती विसरल्यास पश्चात्ताप ठरलेला. निगेटिव्ह फिल्म उदार असते. प्रकाश हवा त्याहून दुप्पट-चौपट पडला तरी तिच्यात काहीतरी शिल्लक राहते आणि कॉपी काढणारा हुशार असेल तर तो ते बाहेर काढतो. संवेदकाचे तसे नाही. प्रकाशग्राही बिंदू भरून ओसंडला की त्यापुढचा हिशेब बुडालाच. तेथे शुद्ध पांढरे उरते आणि ते कोणाच्याने परत येत नाही. अंधाराच्या बाजूस मात्र तो पुष्कळ सांभाळून घेतो. म्हणजे बिनपडद्याच्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याने फिल्मवाल्याची सवय जशीच्या तशी उचलली तर तो फसेल. त्याला उजेडाकडून नुकसान होऊ नये म्हणून हात आखडता ठेवावा लागतो. दुसरा धोका अंतरमापकाचाच. कॅमेरा एकदा दगडावर आपटला की आतली जुळणी केसभर सरकू शकते, खिडकीत दोन नाकांचे एक नाक झालेले दिसते आणि चित्रात मात्र कान स्पष्ट व नाक पुसट येते. पडदा असलेल्यास हे पहिल्या पाच चित्रांत कळते, बिनपडद्याच्यास दिवस संपल्यावर. आणि जागच्या जागी चित्र पुसताही येत नाही. हा तिसरा धोका की फायदा, ह्याचा निर्णय मी करू शकलेलो नाही; एवढे खरे की घरी आल्यावर आपल्या साऱ्या चुका ओळीने मांडून समोर बसतात.

एका स्नेह्याचा एम-डी मला चार दिवस वापरावयास मिळाला, आणि मी तो घेऊन कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर गेलो. पहाटेची वेळ, चुलवाणात चिपाडे घालणारा पोरगा, काहिलीत खदखदणारा रस, आणि त्यावर वाफेचा असा लोट की पलीकडे उभा असलेला गुळव्या घटकेत दिसे, घटकेत नाहीसा होई. पहिली दहा-बारा चित्रे होईपर्यंत प्रत्येक वेळी माझा अंगठा पाठीवर जाऊन ती चकती चाचपत होता, जणू पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी. मग ते थांबले. थांबले तेव्हा ध्यानात आले की वाफेलाही एक लय आहे, पोरगा चुलीत चिपाड सारतो, जाळ उसळतो, आणि त्यानंतर थोड्याच क्षणात गुळव्याचा चेहरा खालून तांबूस होतो. खिडकीच्या चौकटीबाहेर त्या पोराचा हात मला दिसत होता, आणि तो हलला की मी तयार राहत होतो. पडद्यात पाहत बसलो असतो तर तो हात मला दिसला नसता, हे मी शपथेवर सांगतो.

गुळव्याने पाकाचा एक थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली, मान हलविली, आणि अजून अवकाश आहे असे पाहून माझ्याकडे वळला.

'बगू की, कसं आलंय?'

'ह्यात दिसत नाही, मामा. घरी गेल्यावर कळेल.'

त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, चकतीवर बोट फिरविले. 'मंजी? मग फोटो काडलासा का न्हाई, ह्ये तुमास्नी तरी कसं ठावं?'

मला उत्तर सुचले नाही. कार्तिए-ब्रेसों, पाहणे आणि पारखणे, सारे जिभेच्या टोकापर्यंत आले आणि परत गेले. कारण ज्याचे चित्र आपण नेतो त्याला ते तत्काळ दाखविता येणे, हा पाठीवरच्या पडद्याचा असा गुण आहे की त्याचा विचार त्याच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांनी कधी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ह्या पडद्याने चित्र देण्याघेण्याची एक रीतभात घातली होती, आणि मी तेथे ती मोडून उभा होतो. मामांनी स्वतःच माझी सुटका केली. काहिलीकडे धाव घेऊन त्यांनी पुन्हा गोळी वळली, ती कडेच्या पत्र्यावर आपटून तिचा आवाज ऐकला, आणि पोरांना हाक दिली. पाच-सहा जणांनी काहील उचलून वाफ्यात ओतली, वाफेचा एकच लोळ उठला, आणि मी त्यावर लागोपाठ चार चित्रे घेतली.

पुढच्या हंगामात आठ चित्रांच्या कॉपी घेऊन मी पुन्हा गेलो. मामांनी चष्मा नव्हता म्हणून एकेक चित्र हातभर लांब धरून पाहिले. तांबूस चेहऱ्याचे ते चित्र, ज्याचा मला अभिमान होता, त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिले. चेहऱ्याकडे नव्हे, काहिलीकडे.

'ह्यो पाक कच्चा हाय,' ते म्हणाले. 'आनी धा मिंटं हवीत.' मग उरलेली चित्रे पत्त्यांसारखी पिसून त्यांनी विचारले, 'काईल उतरिवली तवाचा कुटं हाय?'

ती चारही चित्रे वाफेत पांढरीफटक झाली होती. मी ती घरीच ठेवली होती.